एचडीएल ३१ : टर्म इन्शुरन्सच्या मेडिकलपासून पॉलिसी हातात येईपर्यंत

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. मी नाशिकमध्ये एका सीएंच्या ऑफिसात कामाला आहे, त्यामुळे दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात पहिलीइतकीच पक्की होती. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं कर्ज आम्हा दोघांच्या नावावर. नवऱ्याचा टर्म इन्शुरन्स आहे, माझा नव्हता. वय ४२. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटीची घोषणा झाली तेव्हाच ठरवलं, नवरात्र बसलं की फॉर्म भरायचा.

निघाले विमा काढायला आणि वाटेत गाठ पडली ती रक्तातल्या एका आकड्याशी: एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते. तसलाच रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे.

एक कोटीचं कव्हर, साठाव्या वर्षापर्यंत. ऑनलाइन फॉर्म, तीन वर्षांची रिटर्न्स, आधार, पॅन. मग कंपनीच्या डॉक्टरांचा फोन: बीपी आहे का, शुगर आहे का, गोळ्या कुठल्या, घरात कुणाला हृदयविकार? बाबांची अँजिओप्लास्टी त्यांच्या ५३ व्या वर्षी झाली, ते सांगितलं. इथे काही लपवू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही, पण त्या तीन वर्षांत काही झालं तर लपवलेली एक ओळ घरच्यांना भारी पडते.

९ ऑक्टोबरला सकाळी सातला लॅबचा मुलगा घरी आला. रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. "ताई, बांगड्या आणि चेन काढून ठेवा," म्हणाला आणि दिवाणावरच ईसीजी काढला. रक्त घेतलं, लघवीचा नमुना घेतला, बीपी दोनदा मोजलं. शेवटी खिशातून शिंप्याची असते तशी टेप काढली, पोटाभोवती धरली आणि श्वास सोडायला सांगितला. मी मुद्दाम जरा पोट आत घेतलं होतं; तो गालातल्या गालात हसला आणि टेप तशीच धरून थांबला. शेवटी श्वास सोडलाच. ८८ सेंटीमीटर. मी तर स्वतःला बारीक समजत होते, कारण हातपाय बारीक आहेत. या तपासणीचे पैसे कंपनी भरते.

दिवाळी गेली. २७ ऑक्टोबरला मेल आला: प्रस्ताव तीन महिन्यांसाठी पुढे ढकलला आहे, कारण लिपिड (रक्तातली चरबी) आणि शुगर. रिपोर्ट जोडलेला नव्हता. तो आपणहून मिळत नाही, मागावा लागतो. प्रस्ताव क्रमांक टाकून मेल केला, तेव्हा तीन दिवसांनी पीडीएफ आली. भरलेला हप्ता साधारण पंधरवड्याने खात्यात परत आला.

रिपोर्ट असा होता: एकूण कोलेस्टेरॉल १७८, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ९६, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) २५५. उपाशीपोटीची साखर १०८, एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१. पहिल्या दोन आकड्यांसमोर काही खूण नव्हती. म्हणजे आमच्याकडे ज्याला "कोलेस्टेरॉल वाढलं" म्हणतात ते वाढलंच नव्हतं. लाल होता तो चांगल्या कोलेस्टेरॉलचा आकडा, आणि तोही कमी असल्यामुळे. बायकांमध्ये ५० च्या खाली आणि पुरुषांमध्ये ४० च्या खाली एचडीएल गेलं की कमी धरतात. बायकांचं सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं, माझं पुरुषांच्या हिशोबानेही कमी.

सवयीप्रमाणे मी बेरीज-वजाबाकी करून पाहिली. १७८ मधून ३१ वजा, त्यातून २५५ चा पाचवा भाग म्हणजे ५१ वजा. उरले ९६. म्हणजे बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल थेट मोजलेलं नसतंच, अशा सूत्राने काढलेलं असतं. हे सूत्र १९७२ सालचं आहे, आणि ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेली की ते लागू पडत नाही. तुमच्या रिपोर्टवर "कॅल्क्युलेटेड" असा शब्द दिसला तर तो हाच प्रकार.

घरात लगेच तुपाची बरणी वरच्या फळीवर गेली. सासूबाईंनी वरणावरचं तूप बंद केलं, माझंच नाही, सगळ्यांचं. मुलगा दोन दिवस रुसून जेवला.

१ नोव्हेंबरला, शनिवारी, गंगापूर रोडवरच्या एका फिजिशियनकडे गेलो. फी ७००, थांबावं लागलं दीड तास. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहायच्या आधी मी काय खाते ते विचारलं, आणि तेही "बाहेरचं खाता का" असं मोघम नाही. कालचा अख्खा दिवस सांगा म्हणाले. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि भात, ऑफिसात साखरेचे चार चहा आणि त्याबरोबर खारी किंवा बिस्किटं, रात्री पुन्हा भात. शिवाय सोमवार आणि चतुर्थी. नवरात्रात तर साबुदाणा, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू असं सलग चाललं होतं, आणि रक्त दिलं ते त्यानंतर आठवड्याभरात.

"अंडं खाता?" "नाही." "मटण?" "घरात कुणीच नाही." "मग हे तुपामुळे झालं असं कोण म्हणालं?" मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. त्या शेजारीच बसल्या होत्या.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे काढून समजावलं ते मला समजलं तसं सांगते. कोलेस्टेरॉल रक्तात एकटं फिरत नाही, प्रथिनांच्या वेष्टनात फिरतं. एलडीएल ते शरीरभर पोचवतं आणि जास्त झालं की धमनीच्या भिंतीत साठतं. एचडीएल त्या भिंतीतल्या पेशींकडून कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतं, तिथून ते पित्तावाटे बाहेर पडतं. "आपली घंटागाडी समजा," डॉक्टर म्हणाले. "पण रिपोर्टमध्ये गाड्या किती ते कळतं. कुठली गाडी किती कचरा उचलते आहे, ते कळत नाही." म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका.

मग माझ्या गाड्या कमी का झाल्या? याचं उत्तर ट्रायग्लिसराइड्समध्ये होतं. पिठूळ आणि गोड खाणं जास्त, हालचाल कमी, चरबी पोटावर. अशा शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही. यकृत जादा साखरेची चरबी करून रक्तात सोडत राहतं. ही चरबी वाहणारे कण आणि एचडीएल यांच्यात देवाणघेवाण चालते: एचडीएल आपलं कोलेस्टेरॉल देतं, बदल्यात ट्रायग्लिसराइड घेतं. असं भरलेलं एचडीएल लवकर मोडतं, बारीक होतं आणि शरीरातून लवकर निघून जातं. त्यामुळे ट्रायग्लिसराइड्स वर आणि एचडीएल खाली, ही जोडी बहुतेक वेळा बरोबरच येते.

कागदावर त्यांनी पाच ओळी लिहिल्या. कंबर बायकांमध्ये ८० आणि पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त, एचडीएल कमी, बीपी १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. पाचांपैकी तीन भरले की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारा एकत्रित बिघाड. माझे चार भरले. बीपी १२८/८४ होतं, म्हणून पाचवी ओळ थोडक्यात सुटली. तपासणीच्या नावाखाली मी वर्षानुवर्षं फक्त "टोटल कोलेस्टेरॉल" बघत आले होते, आणि ते कायम नॉर्मल असायचं.

"तुम्ही एकट्या नाही," असं म्हणून त्यांनी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीचा उल्लेख केला. २०१४ मध्ये आलेल्या तिच्या लिपिडच्या निष्कर्षांत महाराष्ट्रातलेही लोक होते, आणि कमी एचडीएलचं प्रमाण ७२.३ टक्के होतं. वाढलेल्या एलडीएलचं ११.८ टक्के. आपल्याकडचं दुखणं कुठे आहे ते या दोन आकड्यांवरून कळतं.

गोळी दिली नाही. ईसीजी स्वच्छ होता, छातीत दुखणं किंवा चालताना धाप असलं काही नव्हतं, म्हणून स्ट्रेस टेस्टही आत्ता नको म्हणाले. थायरॉइड बिघडलं तरी लिपिड बिघडतं म्हणून टीएसएच, यकृताची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि बाबांच्या इतिहासामुळे लायपोप्रोटीन-ए, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा आणखी एक कण. ही शेवटची तपासणी बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण तो आकडा मुख्यतः अनुवंशाने ठरतो. सगळं मिळून साधारण चार हजार गेले. टीएसएच ठीक, लायपोप्रोटीन-ए ठीक, सोनोग्राफीत पहिल्या पायरीचं फॅटी लिव्हर. दारूचा थेंब न घेता फॅटी लिव्हर, हे सासूबाईंना पटवायला मला बराच वेळ लागला.

दारूवरून आठवलं. ऑफिसात बातमी फुटल्यावर सगळ्यात जास्त सल्ले वाइनचेच आले. "नाशकात राहतेस आणि एचडीएल कमी? रोज एक ग्लास रेड वाइन घे!" दारूने एचडीएल थोडं वाढतं हे खरं आहे, पण तिनेच ट्रायग्लिसराइड्सही वाढतात, आणि माझी मुळात तीच वाढलेली. फॅटी लिव्हर तर वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की सुरक्षित म्हणावं असं दारूचं प्रमाण नाही. द्राक्षं खायची तर तीही मोजून, असं मला सांगितलं गेलं. आणि आमच्या पिंपळगावच्या मावशी दर फेब्रुवारीला पेटी पाठवतात.

दुसरा सल्ला विमा एजंटचा: एचडीएल वाढवायची गोळी मिळते, महिनाभर घ्या आणि रिटेस्टला बसा. डॉक्टरांना फोन करण्याआधी मी रात्री बसून थोडं वाचलं, आणि जे सापडलं ते विमा, शुगर सगळं विसरायला लावणारं होतं.

एचडीएलला "चांगलं" हे बिरुद मिळालं ते मुख्यतः अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासामुळे. १९४८ पासून तिथल्या लोकांची तपासणी चालू आहे. ज्यांचं एचडीएल जास्त त्यांना हृदयविकार कमी, असं १९७७ च्या सुमाराला तिथून पुढे आलं. मग साहजिक वाटलं की औषधाने एचडीएल वाढवलं तर काम झालं. फायझर कंपनीने टॉर्सेट्रापिब नावाचं औषध आणलं. पंधरा हजारांहून जास्त रुग्णांवर चाचणी सुरू झाली. एचडीएल सुमारे ७२ टक्क्यांनी वाढलं, शिवाय एलडीएलही घटलं. आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले. त्या औषधाने बीपी वाढत होतं, म्हणून दोष त्याच एका औषधाचा असेल असं वाटलं. पण त्याच जातीच्या डालसेट्रापिबनेही एचडीएल वाढवलं आणि फायदा काही दिसला नाही. एजंटने सुचवलेलं नायसिन म्हणजे जुनं जीवनसत्त्व बी-३. त्याच्या २५ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत स्टॅटिनबरोबर (कोलेस्टेरॉल उतरवायच्या नेहमीच्या गोळीबरोबर) ते देऊन हृदयविकार कमी झाला नाही, उलट शुगरचे त्रास वाढले. माझ्यासारख्या ६.१ वालीला ते कशाला?

२०१२ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: जन्मतःच एका जनुकामुळे ज्यांचं एचडीएल जास्त असतं, त्यांना त्या प्रमाणात हार्ट अटॅक कमी येत नाहीत. आणि इटलीत गार्डा सरोवराच्या काठी लिमोने नावाचं गाव आहे, तिथल्या काही कुटुंबांत एचडीएलच्या मुख्य प्रथिनातच बदल आहे. त्यांचं एचडीएल माझ्यासारखं खूप कमी, तरी हृदयविकार फारसा नाही. हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं की आम्ही सिन्नरचे.

डॉक्टरांना हे सगळं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "आकडा वाढवायच्या मागे लागू नका. तो ज्याच्यामुळे पडलाय ते दुरुस्त करा. आणि नॉन-एचडीएल बघत जा." नॉन-एचडीएल म्हणजे एकूणमधून एचडीएल वजा, धमनीत साठू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात आलं. माझं १४७. त्याला उपाशी राहायचीही गरज नसते. उपास लागतो तो मुख्यतः ट्रायग्लिसराइड्ससाठी.

तीन महिने काय केलं ते थोडक्यात, कारण त्यात नवं काही नाही. चहा दोनवर आणला, बिनसाखरेचा. पहिले दहा दिवस डोकं दुखत होतं आणि ऑफिसात माझ्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं. खारी बंद, बेकरीच्या पदार्थांत वनस्पती तूप असू शकतं आणि त्यातली ट्रान्स चरबी एचडीएल खाली आणते, एलडीएल वर नेते. जानेवारी २०२२ पासून तिला २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण सुट्या खारीच्या पिशवीवर काय लिहिलेलं असतं? रात्रीचा भात गेला, बाजरीची भाकरी आली, थंडी होतीच. ताटात आधी मोडाची उसळ, मग भाकरी. कारळ्याची आणि जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे. तुपाची बरणी खाली आली, एक चमचा. मिसळ सोडली नाही. रविवारी मटकी आणि रस्सा घ्यायचे, फरसाण निम्मं आणि पाव एकच. उपासाला साबुदाण्याऐवजी भगर आणि ताक, आणि संकष्टी सोडून बाकीचे उपास सासूबाईंनीच रद्द केले. "देवाला कळतं," म्हणाल्या.

सकाळी सहाला चालायला जाणं नोव्हेंबर-डिसेंबरच्या नाशिकमध्ये सोपं नाही. स्वेटर, कानटोपी, आणि फाट्यावरचे कुत्रे. आठवड्यात पाच दिवस पाऊण तास, तेही गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. पहिल्या रविवारी मी निम्म्यात बसले, तेव्हा सत्तरीच्या एक आजी काठी टेकत शेजारून वर गेल्या. जानेवारीत न थांबता वर पोचायला लागले. घरी दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलून हातांचे व्यायाम, कारण स्नायू साखर वापरतात. संक्रांतीला तिळगूळ खाल्ला, रोज नाही.

मध्येच टेस्ट करायचा मोह खूप झाला. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. वजन घटत असताना एचडीएल काही काळ आणखी खाली जाऊ शकतं, उगाच धीर सुटतो. सर्दी-तापातही करू नका, आकडे चुकतात. आणि दोन्ही वेळेला शक्यतो एकच लॅब.

२ फेब्रुवारी २०२६ ला स्वतःच्या पैशाने लिपिड आणि एचबीएवनसी केलं, ९५० रुपये. ट्रायग्लिसराइड्स १५८. एचबीएवनसी ५.७. कंबर ८३. एकूण १७२, नॉन-एचडीएल १३५. एलडीएल १०३, म्हणजे सातने वाढलेलं. ट्रायग्लिसराइड्स उतरताना ते असं थोडं सरकतं, म्हणून नॉन-एचडीएल बघा म्हणाले. आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते एचडीएल? ३७. अजून लालच.

मला रडूच आलं होतं, खरं सांगते. तीन महिन्यांच्या थंडीचे सहा पॉइंट. डॉक्टर मात्र रिपोर्टवर खूश होते. व्यायामाने एचडीएल थोडंच वाढतं आणि सावकाश वाढतं. त्यांची नजर ट्रायग्लिसराइड्सच्या ९७ च्या उतारावर आणि साखरेवर होती. "यकृत सुधारतंय, हे त्याचं प्रमाणपत्र," म्हणाले.

मग नवा प्रस्ताव, त्याच कंपनीकडे. दुसरीकडे गेलात तरी "यापूर्वी कुठला प्रस्ताव नाकारला किंवा पुढे ढकलला गेला का" हा प्रश्न फॉर्ममध्ये येतोच. तिथे हो लिहायचं आणि जुना मेल जोडायचा. मी फिजिशियनचं अर्ध्या पानाचं पत्र, सोनोग्राफी आणि दोन्ही रिपोर्ट जोडले. त्यांनी पुन्हा स्वतःची तपासणी केली, तोच मुलगा, तीच टेप. या वेळी श्वास आधीच सोडून उभी राहिले.

५ मार्चला उत्तर आलं: २५ टक्के लोडिंगसह मंजूर. मूळ हप्ता १७,९००, आता २२,३७५. असा वाढीव हप्ता तुमच्या लेखी संमतीशिवाय लागू होत नाही, संमतीची लिंक येते आणि तिला मुदत असते. दोन दिवस विचार करून हो म्हटलं. बाबांचा इतिहास आणि माझे आकडे पाहता मला ते अन्यायाचं वाटलं नाही. पुढे आकडे सुधारले तर लोडिंग कमी होईल का, विचारलं. या पॉलिसीत नाही. पॉलिसी आल्यापासून ३० दिवस ती परत करता येते, तेवढ्यात नाव, जन्मतारीख, नॉमिनी आणि आरोग्याच्या उत्तरांची छापील प्रत नीट वाचून घ्या. माझ्या प्रतीत बाबांच्या अँजिओप्लास्टीचं वय ५३ ऐवजी ५८ पडलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं.

तपासण्यांच्या पावत्या फेकू नका. जुन्या करपद्धतीत असाल तर प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत आरोग्य विम्याच्या करवजावटीत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८० डी) धरता येतात, त्या वजावटीच्या एकूण मर्यादेच्या आतच, आणि एवढ्यापुरते रोख भरलेलेही चालतात. नव्या करपद्धतीत ही सोय नाही.

पुढची लिपिड तपासणी जूनमध्ये आहे. आंब्याच्या आधी करू का, असं मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "नंतर करा. खरी परीक्षा तीच."